उद्यमनगरातले केबलवाले मामा : जुनी केबल घेतल्याशिवाय जाऊ नका

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या या केबलवाल्यांकडे जाणार असाल तर तुटलेली केबल बरोबर न्या. नुसतं गाडीचं नाव सांगून केबल मागितलीत तर मामांचा पहिला प्रश्न येतो, "जुनी कुठाय?" मेकॅनिकनं फेकून दिली म्हणालात की ते पुढचं गिऱ्हाईक बघायला लागतात. कागल, हातकणंगल्याहून आलेली माणसंसुद्धा केबल आणायला परत गेलेली मी तिथल्या बाकावर बसून बघितली आहेत. पहिल्यांदा हा माणूस फार आखडू वाटतो. नंतर कळतं की जुनी केबल बघितल्याशिवाय नवी देणं त्यांना जमतच नाही.

माझी शिरोळकडं जाणाऱ्या रस्त्याला छोटी रोपवाटिका आहे. घरात सासऱ्यांची बजाज चेतक अजून चालते, मुलाकडं स्प्लेंडर आहे आणि रोपवाटिकेत गवत मारायला ब्रश कटर. तिन्ही यंत्रांना हाताच्या बोटापासून इंजिनापर्यंत हुकूम पोचवायला केबलच लागते आणि तिन्हींच्या केबली गेली काही वर्षं याच दुकानातून येतात.

दुकान शोधायला जरा त्रास होतो. पाटीवरची अक्षरं उडालेली आहेत आणि शेजारच्या लेथवाल्याचा पसारा निम्म्या दारापर्यंत असतो. 'केबलवाले मामा' म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. आत भिंतीला आउटरची, म्हणजे तारेवरच्या बाहेरच्या पाइपाची, भेंडोळी टांगलेली, काळी, राखाडी, जाड, बारीक. खाली तारेची बंडलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत निपल, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या गुंड्या, भरलेले : गोल, चपटे, पेरूच्या बी एवढे बारीक आणि ट्रॅक्टरचे बोटाएवढे. कोपऱ्यात शेगडीवर कथिलाचं भांडं कायम तापत असतं. दुचाकीपासून पॉवर टिलरपर्यंत आणि फवारणी पंपापासून जेसीबीच्या रेसच्या केबलीपर्यंत सगळं इथं मापावर बनवून मिळतं.

तुटलेली केबल हातात पडली की मामा आधी तुटलेलं टोक उजेडात धरतात. लिव्हरजवळ निपलाच्या तोंडाशी तुटली असेल तर दोष बहुतेक वेळा लिव्हरचा. निपल आपल्या खोबणीत गरागरा फिरायला पाहिजे. तो धुळीनं, गंजानं किंवा कोरडा पडून अडकला की लिव्हर दाबताना फिरत नाही, मग दर वेळी तार त्याच जागी थोडी वाकते आणि एकेक धागा तुटत जातो. त्या खोबणीला महिन्यातून एकदा ग्रीसचा ठिपका लावला तर हे होत नाही. लिव्हरचं भोक झिजून लांबट झालं असेल तर मात्र ग्रीस लावून उपयोग नाही, लिव्हरच बदलायला लागतो.

आउटरच्या तोंडाशी तुटली असेल तर आउटर कापताना राहिलेल्या कडेनं तार खाल्ली, किंवा टोकाची टोपी पडली आणि आउटरमधली स्प्रिंग उघडी पडून तारेवर घासत राहिली. मधोमध तुटली असेल तर कुठंतरी वळण फार तीव्र आहे, केबल चुकीच्या वाटेनं नेलेली आहे. खालच्या टोकाला तांबूस पूड दिसली तर पाणी साचतंय. आणि स्क्रूच्या क्लॅम्पखाली तुटली असेल तर कुणीतरी स्क्रू इतका आवळलाय की तार चपटी होऊन कापली गेली. मामा म्हणतात, "ताई, तार आपणहून तुटत न्हाई. कोण तोडतंय ते शोधा आधी, न्हाईतर नवी पण जाईल."

एवढं विचारणारा दुसरा दुकानदार मला भेटलेला नाही. बाकी सगळीकडं काउंटरवर पाकीट येतं, पैसे द्यायचे, चालायला लागायचं.

केबल म्हणजे आतली तार, आणि बाहेरचा पाइप फक्त तिला झाकायला, असं माझ्याही डोक्यात होतं. मामांनी एकदा क्लचची केबल व्हाइसमध्ये धरली, आउटरचं एक टोक मोकळं सोडलं आणि मला तार ओढायला लावली. आउटर सापासारखा वळवळला आणि पलीकडचं टोक जागचं हललंसुद्धा नाही. मग आउटर दोन्हीकडं टेकवला, आणि तीच तार ओढल्यावर पलीकडचा दांडा लगेच फिरला. आतली तार जितक्या जोरानं ओढली जाते तितक्याच जोरानं बाहेरचा पाइप दाबला जातो. या दोघांच्या भांडणातूनच हालचाल पुढं जाते. म्हणून आउटर चेपलेला असेल, त्याची स्प्रिंग ताणलेली असेल किंवा टोपी बसलेली नसेल, तर आतली तार कितीही चांगली असली तरी ब्रेक मऊ लागणार. १८९६ साली इंग्लंडमध्ये अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी या युक्तीचं पेटंट घेतलं. त्यांच्या नावावरूनच तिकडं या केबलीला बाउडन केबल म्हणतात. रॅली सायकलवाले फ्रँक बाउडन निराळे, दोघांची गल्लत नेहमी होते. मामांना दोन्ही बाउडनांशी काही देणंघेणं नाही, पण आउटर स्वस्तातला मागितलात तर ते खरंच रागावतात.

चेतकची गोष्ट सांगते. या गाडीला गेअर डाव्या मुठीत. मूठ फिरवली की दोन केबली कामाला लागतात, एक गेअर चढवताना ओढते आणि दुसरी उतरवताना. तार ढकलता येत नाही, फक्त ओढता येते, म्हणून दोन लागतात. त्यात क्लच, अ‍ॅक्सिलेटर, पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक धरले की हँडलच्या पोटात आणि फ्लोअरबोर्डखाली केबलींची गर्दी होते. आमची गाडी दुसऱ्या गेअरमधून आपोआप सुटायला लागली. मेकॅनिकनं गेअरबॉक्स उघडायचं सांगितलं. मामांनी दोन्ही गेअर केबली हातानं ओढून बघितल्या, मुठीवरचा आकडा आणि खरा गेअर जुळत नाही हे दाखवलं, आणि इंजिनाजवळचे दोन्ही अ‍ॅडजस्टर थोडे थोडे फिरवून ढिलाई काढली. गेअर सुटायचा थांबला. केबल विकली नाही, पैसेही घेतले नाहीत. पण निघताना म्हणाले की आता अ‍ॅडजस्टरचे आटे संपत आलेत, पुढच्या वेळी दोन्ही केबली एकदम बदला, एकच बदलू नका. एक ताणलेली आणि एक नवी अशी जोडी जुळवताना मेकॅनिक वैतागतो आणि शेवटी दोन्ही ढिल्या सोडतो.

पुढं बदलायची वेळ आली तेव्हा आणखी एक गोष्ट शिकले. जुनी तार उपसून काढायच्या आधी नवी केबल तिच्या टोकाला बांधायची आणि जुनी ओढत नवी आत घ्यायची. चेतकच्या हँडलमधून नवी केबल आंधळेपणानं घुसवत बसलात तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. आणि जुनी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं नवी जाते, हा मोठा फायदा.

मधल्या काळात मुलानं एका वेबसाइटवरून चेतकच्या क्लचची केबल मागवली होती. स्वस्त होती, पाकीट चकचकीत होतं. आउटर चार बोटं आखूड निघाला. हँडल सरळ असताना सगळं ठीक, डावीकडं पूर्ण वळवलं की केबल ताणून क्लच आपोआप थोडा दबायचा. हीच चूक अ‍ॅक्सिलेटरच्या केबलीत झाली तर वळण घेताना रेस आपोआप वाढते. मामांची तपासणी सोपी आहे आणि ती कुठलीही केबल बसवल्यावर घरी करावी : गाडी स्टँडवर, इंजिन चालू, न्यूट्रल, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवायचं. इंजिनाचा आवाज तसूभरही बदलता कामा नये. बदलला तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, आधी केबलीची वाट किंवा लांबी सुधारायची.

आता ब्रश कटरबद्दल, कारण हे लिहायचं मुख्य कारण तेच आहे. आपल्याकडं शेतात ही यंत्रं झपाट्यानं आली, पण त्याच्या केबलीकडं कुणी बघत नाही. ब्रश कटरमध्ये इंजिन आणि पातं यांच्यात एक क्लच असतो जो वेग वाढल्यावरच पकडतो. इंजिन नुसतं धिम्या गतीनं चालू असताना पातं थांबलेलं असायला हवं. ट्रिगरच्या केबलीत जरासुद्धा ढिलाई नसेल, ती ताणून बसवलेली असेल, तर ट्रिगर सोडला तरी कार्ब्युरेटर थोडा उघडा राहतो, इंजिन हवं त्यापेक्षा जोरात चालतं, क्लच पकडतो आणि तुम्ही गवत सोडून बाजूला वळता तेव्हा पातं फिरतच असतं. आमच्याकडं काम करणाऱ्या पोरानं 'ट्रिगर लगेच रिस्पॉन्स देतोय' म्हणून कौतुकानं केबल ताणून घेतली होती. मामांनी यंत्र चालू करायला लावलं, ट्रिगर सोडायला लावला आणि फिरणाऱ्या पात्याकडं बोट दाखवलं. काही बोलले नाहीत. पोरानं स्वतःच स्टॉपचं बटण दाबलं.

नंतर त्यांनी ट्रिगरला थोडी मोकळीक ठेवली आणि केबल नळीच्या बाजूनं मूळच्या क्लिपांमध्ये बसवून दिली. आधी ती सायलेन्सरच्या इतकी जवळून गेली होती की आउटरचं प्लास्टिक वितळून आतल्या अस्तराला चिकटायला आलं होतं. तसं झालं असतं तर ट्रिगर सोडल्यावर तार परत आलीच नसती. ट्रिगर, मूठ, अ‍ॅक्सिलेटर, काहीही असो, सोडल्यावर खटकन परत आलं पाहिजे. हळूहळू परत येणारी मूठ म्हणजे केबल बदलायची वेळ झाली, तेल टाकून दिवस काढायचे नाहीत. आणि चालू गाडीत मूठ अडकलीच तर मुठीशी झटापट करत बसू नका : क्लच दाबा, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) मारा, गाडी कडेला घ्या. ब्रश कटरला आधी स्टॉपचं बटण, मग बाकीचं. हे मामांनी त्या पोराकडून दोनदा म्हणून घेतलं.

तेलाबद्दल त्यांचं मत ठाम आहे, आणि इथं माझं त्यांच्याशी पूर्ण जुळत नाही. जुन्या पद्धतीच्या केबलीत तार थेट स्प्रिंगवर घासते, तिला तेल लागतंच. नव्या बहुतेक केबलींत नायलॉनचं किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं, तिथं घट्ट ग्रीस भरलं तर त्यात धूळ कालवली जाते आणि चार-सहा महिन्यांत केबल पूर्वीपेक्षा जड होते. इथपर्यंत कबूल. पण मामा म्हणतात अस्तराच्या केबलीला काहीच टाकायचं नाही, कधीच नाही. आमच्याकडं रोपवाटिकेत सतत पाणी आणि खताचे शिंतोडे असतात, खालच्या उघड्या टोकाला पातळ तेलाचा एखादा थेंब दिल्यानं गंज कमी धरतो हा माझा अनुभव आहे. रॉकेलनं किंवा पेट्रोलनं केबल धुवायला मात्र आमच्या दोघांचाही विरोध. असलेलं तेल निघून जातं आणि तार उघडी पडते. आणि गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट लिव्हरच्या तोंडाशी किंवा केबलीच्या टोकाशी मारू नका. तिथून आत गेलेलं पाणी खालीच जाऊन बसतं.

जुन्या केबलीला तेल द्यायची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. केबल खुंटीला उभी टांगायची, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा सुतळीनं घट्ट बांधून नरसाळं करायचं, त्यात पातळ तेल ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी खालच्या टोकातून तेल ठिबकलेलं असतं. आधी काळं ठिबकतं, ते स्वच्छ येईपर्यंत थांबायचं.

केबल बनवायची कला वेगळी. तारेचे दोन मुख्य प्रकार ते वापरतात. एकीत एकोणीस धागे एकाच पिळात असतात, ती ताणाला कडक. दुसरीत सात पेड आणि प्रत्येक पेडात सात धागे, ती वळायला मऊ. केबलीची वाट जिथं फार वळणाची तिथं दुसरी, जिथं जोर जास्त आणि वाट सरळ तिथं पहिली. तार पितळी निपलातून ओवून तिचं टोक फुलासारखं पसरवतात, मग आम्लाच्या डबीत बुडवून कथिलात. फार वेळ बुडवली तर तापून तार मऊ पडते, कमी वेळ बुडवली तर कथील नुसतं वरवर चिकटतं. सोड्याच्या पाण्यात धुऊन उरलेलं आम्ल काढतात, नाहीतर तेच आम्ल पुढं तार खातं. शेवटी निपल व्हाइसमध्ये अडकवून तार लोखंडी दांड्याला गुंडाळतात आणि अंगाचा भार टाकून ओढतात. ही शेवटची पायरी ते कधी गाळत नाहीत, कितीही गर्दी असो.

आणि तरीही दुचाकीच्या ब्रेकची केबल ते सोल्डर करून देत नाहीत. तयारच घ्या म्हणतात, आणि चांगल्या मेकची दुकानात ठेवतातही. बेंगळुरूची सुप्रजित, जी १९८५ साली सुरू झाली आणि दुचाकी कंपन्यांनाच केबली पुरवते, तिचा माल त्यांच्याकडं बहुतेक असतो. कारखान्यात निपल तारेवर साच्यात ओतून बसवतात, प्रत्येक केबल सारखी निघते. "माझ्या हातात दिवसभर एकसारखी ताकद न्हाई," असं ते स्वतःबद्दल म्हणाले. पॉवर टिलरची रेसची केबल तुटली तर मशिन थांबेल, ब्रेकची तुटली तर माणूस थांबणार नाही, एवढा हिशेब त्यांना पक्का आहे. मला या दुकानाबद्दल सगळ्यात जास्त विश्वास याच गोष्टीमुळं वाटतो.

मोकळीक किती ठेवायची हे ते बोटांनी सांगतात, पण मुलाच्या स्प्लेंडरच्या पुस्तकात आकडे आहेत : क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर, अ‍ॅक्सिलेटरच्या मुठीला २ ते ६ मिलिमीटर. बोटं आणि पुस्तक जुळतात. तुमच्या गाडीचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर पुस्तकाचं ऐका. त्यांनी सांगितलेली एक खूण मात्र पुस्तकात नव्हती. क्लचची मोकळीक महिन्या-महिन्याला वाढत गेली तर केबल ताणतेय, आणि कमी कमी होत गेली तर आत प्लेटा झिजतायत. माझा मुलगा इतके दिवस प्रत्येक वेळी नुसता अ‍ॅडजस्टर फिरवून मोकळा होत होता.

आता तक्रारी. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून देतात, त्यावर शिक्का नसतो. रोपवाटिकेच्या हिशेबाला ते चालत नाही. आम्लाचा धूर दुकानात कोंडतो, पंखा आहे पण तो धूर गिऱ्हाइकाच्याच तोंडावर फेकतो. लहान पोरं घेऊन जाऊ नका. स्पीडोमीटरची केबल इथून घेऊ नका. ती ओढत नाही, गोल फिरते, तिचं टोक चौकोनी दाबावं लागतं आणि ते काम यांना नीट जमत नाही. माझी पंधरा दिवसांत घसरायला लागली, आणि मामांनी कुरकुर न करता पैसे परत दिले, तेवढं चांगलं. बोलण्याची पद्धत रोखठोक आहे, ऐकून घ्यायची तयारी ठेवा. मेकॅनिक लोकांना तर ते गिऱ्हाइकांसमोर झापतात.

दर ठीक आहेत. तयार केबलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेत नाहीत. मापावर बनवलेली केबल लांबी आणि निपल बघून अडीचशे-तीनशेच्या आसपास पडते, ट्रॅक्टरची जास्त. दारात क्यूआर कोड आहे, मामांची सून पैसे आल्याचं बघून सांगते तेव्हाच केबल हातात मिळते. ऊसतोडणी सुरू झाली की ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागते, त्या दिवसांत सकाळी दुकान उघडतानाच जा. दारात गाडी लावायला जागा नाही, पलीकडच्या गल्लीत लावा आणि केबल हातात घेऊन चालत या.

ब्रश कटरची एक जादा केबल बनवायला टाकून आलेय, कारण हंगामात ती तुटली तर थांबायला वेळ नसतो. बुधवारी देतो म्हणालेत. म्हणजे शुक्रवारी जाईन.